उंबरठ्याचा डावा कोपरा

"बाई, ह्यो काटकोन न्हाई."

वैजयंता सुतार शाळेच्या उंबरठ्यापाशी उकिडवी बसली होती. चौकटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात तिने वर्तमानपत्राच्या कागदाची घडी टेकवली होती. घडीची एक कड उंबरठ्याला घट्ट चिकटली होती. दुसरी कड आणि चौकटीचा खांब यांच्यामध्ये मात्र उजेडाची एक बारीक पाचर उभी राहिली होती. कोपऱ्यात काहीच नाही, आणि वर, घडी संपते तिथे, ज्वारीचा दाणा सहज जाईल एवढी.

"घडी चुकली असेल तुझी," मी म्हणाले. "दुमडताना कडेवर कड नीट बसव."

 तिने घडी उलगडली, पुन्हा घातली, अंगठ्याच्या नखाने दाबून धारदार केली आणि पुन्हा टेकवली. पाचर होती तिथेच होती.

मी त्या वेळी चोवीस वर्षांची होते. मराठी घेऊन एम.ए. झाले होते आणि वडिलांच्या आग्रहाखातर केलेल्या डी.एड.च्या बळावर कातरवाडीच्या शाळेत पाचवीला शिकवीत होते. माझ्या ट्रंकेत साड्या चार होत्या आणि कवितासंग्रह चाळीस. कातरवाडी हे धरणात गेलेल्या गावाचे दुसरे गाव. जुने पाण्याखाली जाऊन तीस वर्षे झाली होती. नवे, आलेखाच्या कागदावर चौकोन भरावेत तसे, सरकारी आराखड्यावरून माळावर भरले होते. सरळ गल्ल्या, सारख्या भिंती, सारखी अंतरे. इतक्या सरळपणात कविता कुठे उभी राहणार, असे मला वाटे. एकच गोष्ट मला तिथे आवडत असे. माझ्या खोलीचे दार लोटून घ्यावे लागत नसे. आत आल्यावर हात सुटला की ते आपले आपण, मागून कुणी हलकेच ओढल्यासारखे, मिटत असे. त्याचे श्रेय मी माळावरच्या वाऱ्याला दिले होते आणि वहीत तशी एक ओळही लिहून ठेवली होती.

मुलांना कोनांच्या व्याख्या तोंडपाठ होत्या. पण फळ्यावर काटकोन जरा तिरका करून काढला की सतरापैकी पंधरा जण त्याला लघुकोन म्हणत. पुस्तकात उभा-आडवा छापलेला असतो, तेवढाच त्यांच्या लेखी काटकोन. म्हणून मी त्यांना कागदाचा काटकोन करायला शिकवले. वर्तमानपत्राचा कसलाही फाटका तुकडा घ्यायचा, कुठेही एक घडी घालायची, मग त्या घडीची कड तिच्यावरच बसवून दुसरी. जो कोपरा तयार होतो, तो कुठेही नेला तरी नव्वदच अंशांचा. हे हत्यार हाती देऊन मी त्यांना गावात सोडले.

आठवडाभर गाव कोनांनी भरून वाहत होते. विळ्याचे पाते आणि मूठ यांच्यातला कोन आला, भिंतीला टेकलेल्या शिडीचा आला, म्हशीच्या दोन शिंगांमधला आला, शाळा भरतानाच्या घड्याळाच्या काट्यांमधलाही आला. हणमंता शेलारने तर आपल्या आजीच्या पाठीला कागद लावून 'आजी – विशालकोन' अशी नोंद आणली. आजीने पायातली वहाण हातात घेऊन त्याला पारापर्यंत पिटाळले होते. तेही त्याने प्रामाणिकपणे खाली लिहिले होते.

"पळताना मातूर म्हातारी सरळ कोन झाली, बाई," तो म्हणाला.

काटकोनाचा रकाना मात्र रिकामाच राहू लागला. प्रत्येकाने आपल्या घराच्या दाराचा एक कोपरा मोजावा, असे मी सांगितले होते: बाहेरून पाहताना डाव्या हाताचा, उंबरठ्याजवळचा. तिथे बिजागरी नसते, कागद टेकवणे सोपे. सगळ्यांनी मोजला, आणि सगळे वैजयंतासारखेच सांगत आले की कागद बसत नाही, फट राहते. सतरा मुलांच्या सतरा घड्या एकाच बाजूला चुकणार नाहीत, हे माझ्या उशिरा लक्षात आले. मग शाळेतला मोठा लाकडी कोनमापक घेऊन, मुलांचे लटांबर मागे घेऊन, मी दोन संध्याकाळी गावातली एकतीसही घरे पालथी घातली. शाळेच्या लोखंडी खिडक्या नव्वदच्या होत्या. सरकारने बांधून दिलेल्या भिंतींचे कोपरेही नव्वदचे होते. दारे तेवढी, एकूण एक, एक्क्याण्णवची.

"ही दारं कुणी केली?" मी विचारले.

मुले वैजयंताकडे पाहू लागली आणि वैजयंता आपल्या कागदाकडे.

"केरबानानांनी," हणमंता म्हणाला. "हिच्या आज्यानं."

त्या रात्री मला झोप लागली नाही, ती आनंदाने. एका अंशाने कललेले गाव! ज्या सरळपणाला मी कंटाळले होते, त्याच्या पोटात हा कल दडलेला होता आणि तो मला सापडला होता. मी चार ओळी लिहिल्या, त्या खोडल्या, पुन्हा लिहिल्या. आणि सकाळी ठरवले की याचा तक्ता करायचा. निळ्या शाईने गावाचा नकाशा, प्रत्येक घराच्या दारावर लाल शाईने ९१. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सगळे गाव शाळेच्या पटांगणात बसते. तिथे तक्ता टांगायचा आणि तो वैजयंताने वाचून दाखवायचा. वर्गात तिच्याइतके स्वच्छ कुणी वाचत नसे.

तक्त्यावर शेवटचे घर भरताना तिने विचारले, "बाई, ह्यात चूक कुणाची म्हनायची?"

"भूमितीत नावं नसतात, वैजू. फक्त मापं असतात."

ते वाक्य मला तेव्हा फार आवडले. दुसऱ्या दिवशी वैजयंता शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आमचे मुख्याध्यापक घोलप गुरुजी मितभाषी होते. तक्त्यासमोर ते बराच वेळ हात मागे बांधून उभे राहिले. मग जणू हवापाण्याची गोष्ट सांगावी तसे त्यांनी सांगितले की, झेंडावंदनानंतर त्याच पटांगणात ग्रामसभा असते आणि यंदा नव्या समाजमंदिराची दारे कुणी करायची याचा निर्णय तिथे व्हायचा आहे. सरपंचांच्या मेहुण्याचा तालुक्याला यंत्रावरचा कारखाना होता. केरबानानांचा हात आता पूर्वीचा राहिला नाही, असे सरपंच गेले दोन महिने पारावर बोलत होते. नानांनी मात्र आपले एवढेच एक काम राहिले आहे, असे ठरवून सागवान आणून वाळत घातले होते.

"तक्ता छान झालाय, बाई," गुरुजी म्हणाले. "ग्रामसभेला आता दुसरा पुरावा लागणार नाही."

आणि ते घंटा द्यायला गेले.

शाळा सुटल्यावर मी सुतारांच्या घरी गेले. केरबानाना पत्र्याच्या छपराखाली, रंध्याच्या भुश्शात घोट्यापर्यंत रुतून उभे होते. सत्तरीचा, काटकुळा, पांढऱ्या मिशांचा माणूस. समोर अर्धवट चौकट, आणि दोन्ही हात रिकामे. हत्यारांची पेटी उपडी केलेली होती. गवताची गंजीसुद्धा उसकटलेली दिसत होती.

"या, बाई," ते म्हणाले. "आमचा गुण्या तुमच्या शाळंत तर न्हाई ना आला? पोरं काय बी उचलत्यात. दोन दिस झालं, सापडंना."

गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन. लाकडाच्या दोन पट्ट्या जोडून केलेला. त्यांचा शिसवीचा होता, वडिलांच्या हातचा. तो नाही म्हणून दोन दिवस त्यांनी करवत उचलली नव्हती.

वैजयंता पायरीवर बसून तांदूळ निवडीत होती. तिने मान वर केली नाही. मी तिच्यापाशी गेले आणि शाळेत का येत नाहीस, असे विचारू लागले. पण तिने सूप बाजूला ठेवले, आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत ज्वारीच्या भुसकटाने माखलेले होते. हातांत गुण्या होता. कणगीच्या तळाशी तिने तो पुरून ठेवला होता.

"का गं?" आजोबांनी विचारले. आवाजात राग नव्हता, नवल होते.

"ह्योच खोटा हाय, नाना. मी कागद लावून बघितला. ह्योच न्हाई घावला, तर कुनाला कळनार न्हाई." मग ती माझ्याकडे वळली. "तक्त्यात नाव न्हाई, बाई. पर गावात सुतार एकच हाय."

मला बसायला कुणी सांगितले नव्हते. तरी मी त्या पायरीवर बसले.

केरबानानांनी गुण्या धोतराच्या सोग्याने पुसला. कानामागची पेन्सिल काढली, एक सरळ कडेची फळी पुढे ओढली, तिच्या कडेला गुण्या लावून वीतभर रेघ मारली. मग गुण्या पालथा घातला आणि त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ मारली. दोन्ही रेघा एका बिंदूतून निघाल्या आणि वर जाता जाता एकमेकींपासून दूर झाल्या.

"पालथा घातला की चूक दुप्पट हुन दिसती," ते नातीला म्हणाले. "हे सुताराच्या पोराला पहिल्या दिशी शिकवत्यात. तुज्या कागदाच्या लई आधी."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारले.

"तीस वर्सं."

त्यांनी पेटीच्या तळातून तेलकट फडक्यात गुंडाळलेले काहीतरी काढले. लोखंडी गुण्या होता. नवाकोरा दिसत होता, पण फडके जुने होते. गाव उठले त्या साली त्यांनी तो तालुक्याच्या बाजारातून आणला होता. सरकारने माळावर भिंती दिल्या होत्या, दारे दिली नव्हती. माणसांनी जुन्या घरांची दारे बिजागऱ्यांसकट उपटून बैलगाड्यांवर घालून आणली होती. नव्या गावाला नव्या मापाच्या चौकटी करायच्या, या हौसेने केरबा सुताराने लोखंडी गुण्याने पहिली चौकट केली, ती हणमंताच्या आजीच्या घरची. जुने दार तिच्यात बसेना. खाली घासू लागले, वर फट पडली.

"रंधा मारला असता तर बसलं असतं," नाना म्हणाले. "म्या रंधा टेकवला बी. तर शेलाराची सून, आताची म्हातारी, पुढं आली. तवा तरणी हुती. दारावर हात ठिवला आन म्हनली, 'शेत गेलं, आंबा तोडला, आता दार बी तासतोस व्हय, केरबा?'"

 वैजयंता त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

"मग?"

"मग काय? चौकट मोडली. बापाचा गुण्या काढला, जुन्या गावाची दारं त्येनंच केलेली, त्या मापानं दुसरी केली. दार असं आत गेलं, वाटीत पानी जावं तसं."

त्यानंतर त्यांनी एकतीस घरांच्या चौकटी त्याच गुण्याने केल्या. पुढे कुठे चौकट कुजली, तर जुन्या दारासाठी नवी चौकट तशीच करावी लागली. कुठे दार कुजले, तर चौकटीसाठी दार. शाळेचे दारही जुन्या शाळेचे होते. त्याच दारातून आपण लहानपणी मास्तरांचा डोळा चुकवून पळत असू, हे त्यांनी मिशीत हसत सांगितले. वडिलांनी गुण्या चुकून तसा केला की जाणूनबुजून, हे त्यांना ठाऊक नव्हते. विचारायचे राहून गेले होते.

"पर एक ध्यान केलंया का, बाई? आमच्या गावात दार लोटाय लागत न्हाई. डोईवर हंडा, कडंवर पोर, बाई आत आली की दार आपसूक मिटतं. ते त्या कलन्यानं."

माझ्या वहीतला वारा त्या क्षणी पडला.

मी म्हणाले की तक्ता आजच काढून टाकते. नाना मान हलवीत राहिले. "कशापाई? पोरीनं मोजलं ते खरं हाय. खरं मोजलं म्हनून का तोंड लपवायचं? तू सांग गं, किती कोपरं मोजलंस?"

"एक. बाईंनी एकच सांगितला हुता."

"मग तुमचा तक्ता पाव झालाय," ते मला म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या स्वरात मास्तर आला. "जा, उजवा लाव."

वैजयंता आपल्या घराच्या उंबरठ्याशी बसली. उजव्या कोपऱ्यात कागद शिरेना. चौकट त्याला आत येऊ देत नव्हती. एक अंश कमी. आजोबांनी तिला काखेत धरून वर उचलले. वरच्या उजव्या कोपऱ्यात पुन्हा फट, डाव्यात पुन्हा अटकाव. खाली उतरल्यावर ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली, ओठ हलत होते. मग तिने माझ्याकडे पाहिले. तीन दिवसांत पहिल्यांदा पाहिले.

"बाई, एक्क्याण्णव, एकोणनव्वद, एक्क्याण्णव, एकोणनव्वद. बेरीज तीनशे साठच हुतीया. खिडकीची हुती तेवढीच."

"व्हईलच," नाना म्हणाले. "हितलं काढल्याबिगर तिथं घालाय येतंय व्हय?"

सव्वीस जानेवारीला तक्ता टांगला, तेव्हा त्यावर प्रत्येक घरापाशी चार आकडे होते. तीन दिवस सतरा मुले स्टुले आणि पाट घेऊन गावभर फिरली होती. वैजयंता वाचू लागली आणि पटांगण हळूहळू शांत झाले. पहिली पाच-सात घरे झाली, तशी माणसे एकमेकांकडे पाहू लागली. सरपंचांनी खुर्ची पुढे ओढली. केरबानाना मागच्या रांगेत, गुडघ्यांना हातांची मिठी घालून, जमिनीकडे पाहत होते. मी वैजयंताच्या शेजारी उभी होते.  छडी एकेका घरावर ठेवत ती शेवटच्या घरापर्यंत गेली.

"म्हंजी गावातलं एक बी दार सरळ न्हाई?" सरपंचांनी विचारले.

वैजयंता माझ्याकडे वळली नाही. "न्हाई," ती म्हणाली. "सगळी जुन्या गावाच्या मापाची हायती."

 मग बायकांच्या बाजूने हणमंताची आजी, पाठीचा विशालकोन सावरीत, उठली.

"माझं पुन्यांदा सांग गं, पोरी. मला ऐकू न्हाई आलं."

वैजयंताने तिच्या दाराचे चार आकडे पुन्हा वाचले. आजीने ते ओठांतल्या ओठांत म्हटले, मान डोलावली आणि बसली. त्यावर कुणीतरी मागून आपले दार विचारले, मग आणखी कुणी. सगळ्यांचे आकडे तेच होते आणि तरी प्रत्येकाला आपले ऐकायचे होते.

सरपंच हा गलबला संपेपर्यंत थांबले. "नाना, ठाव असून केलंस?"

"व्हय."

"मग समाजमंदिराचं दार बी कलतंच करनार?"

केरबानाना उठून पुढे आले. काखेतले तेलकट फडके सोडून त्यांनी लोखंडी गुण्या काढला, तक्त्याजवळच्या टेबलावर उरलेला कागद अंथरला आणि त्यावर फळ्याची मोठी पट्टी आडवी ठेवली. एक रेघ मारली. गुण्या पालथा घातला आणि दुसरी मारली. सरपंच वाकून पाहू लागले. दुसरी रेघ कुठेच नव्हती. ती पहिलीवरच पडली होती.

"त्याला कुठलं जुनं दार हाय?" नाना म्हणाले. "त्याला ह्यो."

सरपंचांनी त्या एका रेघेवरून बोट फिरवले. बराच वेळ फिरवले. मग ग्रामसेवकाकडे वळून ते म्हणाले, "कारखान्यावर निरोप धाडा. म्हनावं, आमच्या गावात सुतार हाय."

समाजमंदिराची दारे त्या उन्हाळ्यात बसली, चारी कोपरे नव्वदचे. पहिले वर्षभर तिथे शेळ्या शिरत. गावातल्या कुणालाच दार लोटून घ्यायची सवय नव्हती; माणसे आत जात, बाहेर येत, आणि दार आपले जिथे सोडले तिथेच उभे राही. कुणी तक्रार केली की नाना म्हणत, "सरळ दाराला मानूस लागतो, बाबा."

वहीतल्या त्या चार ओळी मी कुठे पाठवल्या नाहीत. कातरवाडीत मी आणखी सहा वर्षे काढली. दर जानेवारीत पाचवीचे एखादे मूल कागदाची घडी घेऊन शाळेच्या उंबरठ्यापाशी उकिडवे बसे, डाव्या कोपऱ्यात बराच वेळ डोळा लावून राही, आणि अखेर तेच वाक्य म्हणे. घडी चुकली असेल, असे मी पुन्हा कुणाला म्हटले नाही.

"बाकीचे तीन मोज," मी सांगत असे, "आणि मग सांग."

मूल स्टूल आणायला आत पळे, आणि त्याच्या मागे दार, हात सुटताच, आपले आपण हलकेच मिटत असे.